एकदा वाजली तर नवी

वसंत बोरोले यांना दिसत नाही, हे ऑफिसला कळले ते धुळ्यात, मार्चमधल्या एका शनिवारी, पान छपाईला जायच्या आधी. तोपर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ ते तशाच डोळ्यांनी आमच्या दैनिकाच्या जळगाव आणि धुळे या दोन्ही ऑफिसांतले कॉम्प्युटर सांभाळत होते. त्या काळात त्यांचा डावा डोळा पूर्ण गेलेला होता. उजव्याने, नळीतून पाहावे तसे, समोरचे थोडेसे दिसे. काचबिंदू होता. त्यांच्या पत्नीला ते माहीत होते आणि जळगावच्या एका डॉक्टरांना. आणखी एका व्यक्तीला माहीत होते, ते पुढे येईल.

बोरोले मूळचे फैजपूरकडचे. घरची केळीची बाग धाकटा भाऊ पाहायचा. हे पदविका घेऊन, दैनिकाची पाने हाताने चिकटवायचे बंद होऊन कॉम्प्युटर आले त्या सुमारास, जळगावात नोकरीला लागले. हुद्दा सिस्टिम इन्चार्ज. माणूस उंच, कपडे कडक इस्त्रीचे, खिशाला पेनाऐवजी स्क्रू ड्रायव्हर. विनय त्यांच्याकडे नव्हता. नव्या वार्ताहराने मशीन बंद पडल्याची तक्रार केली की ते आधी विचारत, तू काय केलंस? काहीच नाही, असे उत्तर आले की म्हणत, मग काही करत जा, पगार घेतोस ना.

गर्विष्ठ म्हणून त्यांची ख्याती होती. बाजारात समोरासमोर आले तरी ओळख देत नाहीत, जिन्यात नमस्कार केला तर बघत नाहीत, असे सगळे सांगत. आवाज दिला तर मात्र थांबत आणि नीट बोलत. एकदा त्यांनी मालकांच्या सख्ख्या भावाला जिन्यात तसेच ओलांडले, आणि ती गोष्ट आठवडाभर चहाच्या टपरीवर चालली. बोरोलेंनी ही ख्याती कधी दुरुस्त केली नाही. कोणी टोमणा मारलाच तर म्हणत, जळगावात ज्याला त्याला नमस्कार घालत बसलो तर कामाला कधी येऊ?

ऑफिसातल्या प्रत्येक वायरीला त्यांनी दोरा बांधलेला होता. नेटवर्कच्या वायरीला एक गाठ, प्रिंटरच्या वायरीला दोन. बाजारात रंगीत पट्ट्या मिळतात, त्या लावा, असे भांडारातल्या माणसाने सुचवले होते. रंग उडतात, गाठ राहते, असे त्याला उत्तर मिळाले.

आता त्या आवाजाबद्दल. कॉम्प्युटर चालू होण्याच्या दोन पद्धती असतात, एक जुनी आणि एक नवी. कोणती मशीन कोणत्या पद्धतीने उठते ते बाहेरून कळत नाही. एका पद्धतीसाठी तयार केलेली डिस्क दुसऱ्या पद्धतीच्या मशीनला लावली तर मशीन उठतच नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ येते आणि सगळे थांबते. आमच्याकडे दोन्ही प्रकारच्या मशिनी होत्या. काही तर नव्या कोऱ्या असूनही दुकानदाराने स्वतःच्या सोयीसाठी जुन्या पद्धतीवर लावून दिलेल्या. म्हणून बोरोलेंचा नियम होता की मशीनला आधी विचारायचे आणि मगच हात लावायचा. विचारायचे म्हणजे ती बंद करून पुन्हा चालू करायची, कंपनीचे चिन्ह येते तेवढ्यात बटण दाबायचे आणि उघडलेल्या पडद्यावरची बारीक अक्षरे वाचायची.

ही अक्षरे वाचणे त्यांना जमेनासे झाले, तेव्हा त्यांनी स्क्रिप्ट लिहिली. हे कारण आम्हाला पुढे कळले.

स्क्रिप्ट पाच-सहा ओळींची होती, काळ्या खिडकीत आज्ञा देऊन चालवायची. आपण कोणत्या पद्धतीने उठलो, हे मशीनने स्वतःजवळ एका जागी लिहून ठेवलेले असते. स्क्रिप्ट ते विचारून घेई. उत्तर नवे आले तर एकदा टीं वाजे, जुने आले तर दोनदा. बोरोलेंनी ती प्रत्येक मशीनमध्ये अशी बसवली की मशीन सुरू झाली की स्क्रिप्ट आपोआप चालावी. पडद्यावर काही येत नसे. फक्त आवाज.

जळगावच्या ऑफिसात सकाळी मशिनी सुरू होऊ लागल्या की कोंबड्यांच्या खुराड्यात शिरल्यासारखे वाटे. संपादकांनी बोरोलेंना बोलावले. पडद्यावर अक्षरे आणा, हे वाजवणे कशाला, असे विचारले. बोरोलेंनी सांगितले की अक्षरे वाचायला प्रत्येक मशीनसमोर बसावे लागते, आवाज दारातून ऐकू येतो, आणि एवढ्या मशिनींना मी एकटा आहे. यातले काही खोटे नव्हते. संपादकांनी निदान आवाज कमी करा म्हटले. तो त्यांनी कमी केला नाही. पुढे डेस्कवर चेष्टाच सुरू झाली. बोरोले आत आले की कोणीतरी तोंडाने टीं करी. एकदा आमच्या सगळ्यांत वडीलधाऱ्या उपसंपादकांनी ती केली. बोरोले चालता चालता म्हणाले, "नाना, तुम्ही दोनदा वाजायला पाहिजे."

आमच्याकडे महाजन आबा म्हणून प्रूफ वाचणारे गृहस्थ होते. त्यांचा हात थरथरू लागला तेव्हा मालकांनी माणुसकीने त्यांना काढले नाही. स्वागताच्या टेबलाशेजारी वेताची खुर्ची दिली. आबा निवृत्त होईपर्यंत तिथे बसले. येणारा जाणारा त्यांना नमस्कार करी, चहा विचारी. काम काही नव्हते. बोरोले त्या खुर्चीजवळून जाताना चाल वाढवत. माणसाला बसवला की तो संपला, एवढेच ते यावर बोलत.

डॉक्टरांनी डोळ्यांचे खरे काय ते सांगितले, तेव्हा बोरोलेंच्या निवृत्तीला अजून काही वर्षे होती. ती कोणाला न कळता काढायची, एवढेच त्यांना हवे होते. त्यांच्या पत्नी कुसुमताई यांनी नंतर सांगितले की त्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर त्यांनी आधी चहा घेतला. कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मले ती खुर्ची नको."

त्या हिवाळ्यात ऑफिसची भरीत-पार्टी जळगावजवळ असोद्याच्या एका शेतात होती. वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजत होती, दिवस बुडत आला होता. पुरुषांची पंगत बांधाच्या कडेने बसली, बायका जाळाजवळ. कुसुमताई मात्र पंगतीत, बोरोलेंच्या शेजारी येऊन बसल्या. ताट आल्यावर त्या हळू आवाजात सांगत होत्या, भरीत समोर, पुऱ्या डाव्या हाताले, ठेचा पल्याड आहे, तिकडे हात नका नेऊ. समोरून कोणीतरी विचारले, वहिनी, भाऊंना भरवता का? हशा झाला. उत्तर बोरोलेंनी दिले, "भरवत नाही. पुऱ्या मोजते." आणखी मोठा हशा झाला. ते पथ्य असावे, असे आम्ही धरून चाललो. जेवण संपल्यावर दोघे एकमेकांचा हात धरून बांधावरून गाडीपर्यंत गेले. त्यावरही कोणी काही बोलले, ते आता आठवत नाही.

दर शनिवारी बोरोले एसटीने धुळ्याला येत. धुळ्याचे ऑफिस लहान, एका बोळात पहिल्या मजल्यावर. ते शोभा अक्का सांभाळत. जाहिराती घ्यायच्या, फोन घ्यायचे, न खपलेल्या अंकांचे गठ्ठे बांधायचे, ही त्यांची कामे. मूळ साक्री तालुक्यातल्या. संपादकांशीही अहिराणीच बोलत. धुळ्याचे पान माझ्याकडे आले तेव्हा मी पाहिले की अक्का दर शनिवारी सकाळी जिन्यातले आणि वाटेतले सगळे गठ्ठे उचलून आतल्या खोलीत नेतात आणि रविवारी पुन्हा बाहेर काढतात. शनिवार हा त्यांचा झाडलोटीचा दिवस असेल, अशी माझी समजूत झाली. खरे कारण असे होते की एकदा पारोळ्याच्या स्टँडवर अक्कांनी बोरोलेंना पाहिले होते. ते एका शाळकरी मुलीला गाडीची पाटी वाचायला सांगत होते. चष्मा घरी राहिला, असे तिला म्हणत होते. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता. अक्का त्यांच्याशी बोलल्या नाहीत, मागच्या दाराने त्याच गाडीत चढल्या, आणि ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही.

त्या शनिवारी पान लावायच्या मशीनची डिस्क बदलायची होती. जुनी डिस्क कुरकुरत होती, अजून चालत होती. बोरोलेंच्या पिशवीत कायम दोन तयार डिस्का असत. नव्या पद्धतीची एका गाठीची, जुन्या पद्धतीची दोन गाठींची. नियमाप्रमाणे त्यांनी मशीन बंद करून पुन्हा चालू करायला लावली आणि पाठ करून उभे राहिले. आवाज ऐकताना ते नेहमी पाठ करत. मी फोनवर शिरपूरची बातमी घेत होतो. तेवढ्यात वीज गेली आणि लगेच आली. दोनदा टीं वाजले. बोरोलेंनी पिशवीत हात घातला, दोन गाठींची डिस्क काढली आणि बसवली.

मशीन उठली नाही. त्यांनी वायरी काढून पुन्हा लावल्या. मेमरीच्या पट्ट्या काढल्या, पुसल्या, लावल्या. सॉकेट बदलले. दोन तास गेले. आपण ऐकलेल्या आवाजाबद्दल त्यांनी शंका घेतली नाही. पान अर्धे झालेले होते आणि ते जुन्या डिस्कवर होते. ती परत लावली तर कायमची बसेल, असे म्हणून बोरोलेंनी ती लावू दिली नाही. जळगावहून पानासाठी फोन सुरू झाले. बोरोले टेबलाखाली वाकून चाचपत होते.

"उठली?" त्यांनी विचारले.

मी नाही म्हटले.

"काय म्हणते?"

"समोर लिहिलंय की, भाऊ."

ते उठले, पडद्यासमोर आले आणि चेहरा पुढे नेला. इतका की चष्मा काचेला लागला. काळ्यावर राखाडी, बारीक अक्षर होते. ते मान डावीकडून उजवीकडे नेऊ लागले, एका जागी थांबले, पुन्हा मागे आले. मग सरळ उभे राहिले.

"वाच."

ते थट्टा करत असत, तशीच ही असेल म्हणून मी म्हटले, एकच तर ओळ आहे.

"मला दिसत नाही. वाच."

अक्का दारात उभ्या होत्या. मी ओळ वाचली. चालू करण्याजोगी डिस्क सापडत नाही, अशा अर्थाची होती. त्यांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली.

"म्हणजे नवी आहे," ते म्हणाले. "मग दुसऱ्यांदा वाजलं कोण?"

"यूपीएस वाजना, भाऊ," अक्का म्हणाल्या. "नवा शे तो. लाईट गई व्हती ना."

जुना यूपीएस वीज गेली की घोगरा आणि लांब वाजे. तो त्याच आठवड्यात बदलला होता. नव्याचा आवाज बारीक होता. बदलल्याचे बोरोलेंना कोणी कळवले नव्हते. कळवण्यासारखे त्यात काही आहे, असे कोणाला वाटायचे कारण नव्हते.

त्यांनी एका गाठीची डिस्क काढली आणि बसवली. मशीन उठली, एकदा वाजली. जुन्या डिस्कवरून पान काढून घेईपर्यंत वेळ टळून गेली होती. दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या पानावर जळगावच्या बातम्या छापून आल्या.

निघण्याआधी बोरोलेंनी एक गोष्ट केली. अक्कांना यूपीएसची पिन भिंतीतून काढायला आणि पुन्हा लावायला सांगितली. यूपीएस वाजला. पुन्हा करा, म्हणाले. असे चार-पाच वेळा झाले. ते पाठ करून ऐकत होते.

"हा शेवटी जरा दबतो," ते म्हणाले. "मशीनचा दबत नाही. एवढाच फरक आहे."

पान का आले नाही, याचा खुलासा जळगावला द्यायचा होता. तो बोरोलेंनी स्वतः, माझ्यासमोर, फोनवर दिला. खुलाशात डोळ्यांचा उल्लेख होता. यूपीएसचा नव्हता. मग अक्का त्यांना स्टँडवर सोडायला गेल्या. या वेळी त्यांनी हात धरला आणि बोरोलेंनी तो धरू दिला.

मालकांनी त्यांना काढले नाही. सोमवारी ते जळगावच्या ऑफिसात आले, तेव्हा स्वागताच्या टेबलाशेजारी वेताची खुर्ची ठेवलेली होती. महाजन आबांचीच ती होती का, हे आता सांगता येत नाही. संपादकांनी त्यांना दारातच हात दिला, तुम्ही आता धावपळ करायची नाही, इथे बसून फक्त सल्ला द्यायचा, असे म्हटले. ते मनापासून म्हणत होते. बोरोलेंनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, वेत चाचपला आणि आभार मानले. मग डेस्कवरच्या सगळ्या मशिनी एकामागून एक चालू करायला लावल्या. दारात उभे राहून प्रत्येकीचा आवाज ऐकला. कपाटाच्या चाव्या टेबलावर ठेवल्या, नोकरी सोडतो म्हणाले आणि जिना उतरले. त्या दिवशी तोंडाने टीं कोणी केले नाही.

त्यांचे काम मुख्य ऑफिसकडे गेले. तिथली माणसे दुसऱ्या शहरात बसून नेटवरून आमच्या मशिनी पाहत. अनोळखी स्क्रिप्ट दिसल्या, म्हणून त्यांनी त्या काढून टाकल्या. जळगावचे ऑफिस गप्प झाले. धुळ्याची एक मशीन राहिली, कारण त्या दिवशी तिथले नेट बंद होते आणि नंतर कोणी पाहिले नाही.

पुढच्या आठवड्यापासून धुळ्याच्या ऑफिसात रोज सकाळी बोरोलेंचा फोन येऊ लागला. अक्का मशीन तोपर्यंत चालू करत नसत. फोन स्पीकरवर टाकून मशीनच्या डब्याजवळ ठेवत आणि बटण दाबत. मशीन एकदा वाजे. "बरं," पलीकडून आवाज येई, आणि फोन बंद होई. कधी ऊन किती आहे विचारत, कधी तेही नाही. रविवारी ऑफिस बंद असे, त्या दिवशी फोन येत नसे.

त्या पावसाळ्यात मी जळगावला त्यांच्या घरी गेलो होतो. ते ओट्यावर बसले होते, मी फाटकातूनच हाक दिली. चेहरा माझ्याकडे वळला, पण जरासा बाजूला. आता उजव्या डोळ्यानेही फक्त उजेड कळत होता. कुसुमताई पेपर वाचून दाखवत होत्या, आणि सुरुवात धुळ्याच्या पानापासून झालेली होती. जळगावचे आधी का नाही, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "ह्यायले तेच लागतं आधी." बोरोलेंनी मला पान आता वेळेवर जाते का ते विचारले. जाते म्हटल्यावर मान हलवली. भावाने पाठवलेली केळी समोर होती. त्यांनी घडातली चार-पाच अंगठ्याने दाबून पाहिली, त्यांतले एक मला दिले. बरोबर पिकलेले होते.

"माझी एक मशीन आहे अजून," ते निघताना म्हणाले. मी हो म्हटले.

दिवाळीनंतर धुळ्याची मशीन बदलली. नवी मुख्य ऑफिसकडून तयार होऊन आली. ती चालू होताना वाजत नसे. अक्कांनी मला विचारले, भाऊनं ते वाजाडानं यामा टाकता येई का? मी मुख्य ऑफिसला विचारले. बाहेरची कोणतीही स्क्रिप्ट चालणार नाही, असे उत्तर आले. आज फोन येईल तेव्हा भाऊंना सांगून टाका, असे मी अक्कांना सुचवले. त्या अंकांचे गठ्ठे बांधू लागल्या.

फोन नेहमीच्या वेळी आला. अक्कांनी तो स्पीकरवर टाकला आणि मशीनच्या डब्याजवळ ठेवला. मशीनचे बटण दाबले. मग टेबलाच्या बाजूने वाकून यूपीएसची पिन भिंतीतून काढली. यूपीएस एकदा वाजला. त्यांनी पिन लगेच परत लावली.

फोन चालूच होता. मागे कुसुमताई भांडी लावत असल्याचा आवाज येत होता.

"अक्का, लाईट आहे ना तिकडे?" बोरोलेंनी विचारले.

"शे भाऊ. लाईट शे."

"बरं."

फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी ऑफिस उघडले, फोन मशीनजवळ ठेवला आणि मशीन चालू न करता बसून राहिल्या. पान सुरू करायची वेळ झाली तेव्हा मी बटण दाबले. त्या दिवशी फोन आला नाही. त्यानंतर आलेला नाही.